गंज पुन्हा त्याच जागी येतो तेव्हा: लष्करी वाहनं, साठा आणि बांधकामांतलं मूळ कारण कसं शोधायचं

तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते: "गेल्याच वर्षी खरवडून रंग दिला होता, परत तिथंच फुगलंय." कधी ट्रेलरच्या चाकाच्या कमानीखाली, कधी दाराच्या तळकडेला, कधी अँटेनाच्या पायाशी, कधी जनरेटरच्या चौकटीच्या कोपऱ्यात. वाहनं वेगळी असतात, पण एकाच वाहनावरची जागा बदलत नाही. तपासाची सुरुवात तिथूनच करायची. गंज सगळीकडे सारखा आला असता तर रंगाला दोष देता आला असता. एकाच ठिकाणी तो परत येतो, म्हणजे तिथं काहीतरी राहून गेलंय.

राहून गेलेली गोष्ट चारपैकी एक असते: मीठ, अडकलेलं पाणी, दोन वेगळ्या धातूंचा संपर्क, नाहीतर रंग देताना दमट असलेला पत्रा. पुष्कळदा यांतल्या दोन एकत्र सापडतात. आपण खरवडून काढतो तो गंज, कारण मात्र जागच्या जागी राहतं. नव्या रंगाखाली ते पुन्हा कामाला लागतं.

म्हणून माझी पहिली विनंती: ग्राइंडर हातात घेण्याआधी अर्धा तास नुसतं बघा. फ्लॅप डिस्क एकदा फिरली की पुरावा गेला. खडूने जागा आखा, फोटो काढा, मग एक फुगा सुईने फोडा. आतून पाणी निघालं तर संशय मिठावर. कोरडी तपकिरी खपली निघाली आणि जागा धारेची असेल, तर तिथं रंग पातळ बसलाय. पांढरी पूड निघाली तर झीज ॲल्युमिनियमची किंवा जस्ताच्या मुलाम्याची. गंजाची रेघ जोडाला समांतर धावत असेल तर फटीत पाणी आहे. बोल्टभोवती गोल कडं दिसत असेल तर दोन धातूंचं प्रकरण आहे. एवढ्या निरीक्षणावर निम्मं निदान होतं.

मीठ: सगळ्यात जास्त चुकतं ते इथं

समुद्रकिनारी सराव झाला, वाहन जहाजातून आलं, किंवा बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यावरून गेलं, की मिठातलं क्लोराइड पत्र्यावर बसतं. ते डोळ्यांना दिसत नाही. स्वच्छ लोखंड हवेची आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असेल तर फारसं गंजत नाही. पण साधं मीठ ७५ टक्क्यांच्या आसपास हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि समुद्राच्या मिठात असणारं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. आपल्याला कोरडी वाटणारी हवा त्या मिठाला कोरडी नसते. वाहन शेडमध्ये उभं असतं, आठ दिवस पाऊस नसतो, तरी पत्र्यातल्या बारीक खड्ड्यांच्या तळाशी गंज चालूच असतो.

रंगाचा थर काच नव्हे. त्यातून पाण्याची वाफ हळूहळू आत जाते. खाली मीठ असेल तर ते त्या पाण्याला ओढून घेतं, दाब वाढतो आणि फुगा येतो. रंग कितीही महागाचा असला तरी याला उपाय नाही.

आता ग्राइंडरचं बघा. गंजलेल्या पत्र्यात सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात, आणि मीठ त्यांच्या तळाशी, गंजाच्या थराखाली बसलेलं असतं. डिस्क वरचा भाग चकचकीत करते, थोडा धातू खड्ड्यांच्या तोंडावर लोटते आणि मीठ आत बंद करून टाकते. पत्रा छान दिसतो म्हणून प्रायमर लागतो. सहा महिन्यांनी फुगे ठिपक्यांच्या त्याच नक्षीत वर येतात.

खात्री करायची असेल तर दोन चाचण्या आहेत. पहिली झटपट: पोटॅशियम फेरिसायनाइडचा चाचणी कागद ओला करून साफ केलेल्या पत्र्यावर दाबा. लोहाचे विरघळणारे क्षार राहिले असतील तर कागदावर निळे ठिपके उमटतात, अगदी खड्ड्याला खड्डा. दुसरी मोजमापाची, ब्रेस्ले पॅचची. पत्र्यावर चिकटणाऱ्या छोट्या पिशवीत सिरिंजने शुद्ध पाणी सोडायचं, आतबाहेर खेळवायचं आणि त्याची विद्युतवाहकता किती वाढली ते मोजायचं. पॅच १२.५ चौरस सेंटीमीटरचा आणि पाणी १५ मिलीलिटर असेल, तर प्रति सेंटीमीटर १ मायक्रोसीमेन्स वाढ म्हणजे दर चौरस मीटरला ६ मिलिग्रॅम क्षार. तुलनेसाठी, जहाजांच्या बॅलास्ट टाक्या रंगवण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात ५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे वाढ ८ मायक्रोसीमेन्सच्या वर गेली की थांबायचं.

उपाय धुण्याचा आहे आणि त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी गोड्या पाण्याच्या दाबाने धुवा, मग सँडब्लास्टिंग (दाबाने बारीक कण मारून सफाई), मग पुन्हा धुवा. एसए अडीच दर्जाचं, म्हणजे जवळजवळ सगळा गंज आणि जुना रंग निघेपर्यंत ब्लास्टिंग झालेला पत्रा राखाडी-पांढरा, एकसारखा दिसतो. त्याच्यावर लगेच प्रायमर मारू नका. जुना, खड्डे पडलेला पत्रा असेल तर एक रात्र तसाच दमट हवेत राहू द्या. सकाळी टॉर्च तिरपा धरून बघा: मीठ राहिलं असेल तिथं तपकिरी ठिपके घामासारखे फुटलेले दिसतात. तेवढ्या जागा पुन्हा धुवा, पुन्हा ब्लास्ट करा, पुन्हा चाचणी घ्या. एक दिवस जास्त लागतो हे खरं, पण वर्षातून दोनदा तेच काम करण्यापेक्षा तो एक दिवस द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

धुताना एक जपा. प्रेशर जेट बेअरिंगवर, ऑइल सीलवर, वायरिंगच्या कनेक्टरवर रोखून मारला की खारं पाणी जिथं नव्हतं तिथं जातं. तिथं कमी दाब ठेवा, धुतल्यावर हवेने फुंका आणि वाहन थोडं चालवून गरम करा.

अडकलेलं पाणी

दाराच्या तळाला, पेटीच्या कोपऱ्यात, पोकळ चौकटीच्या खाली पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. त्या भोकांत एक तार घालून बघा. मी एका ट्रेलरच्या कमानीत घातली तेव्हा आधी रंगाची पातळ पापडी फुटली, मागून चिखलाचा बोळा आला, आणि मग चहाच्या रंगाचं पाणी बराच वेळ ठिबकत राहिलं. त्याआधी कित्येक दिवस पाऊस नव्हता. मागच्या वेळी गंज काढणाऱ्यांनीच भोकावरून रंग मारला होता. ती जागा आतून कुजत होती आणि आपण बाहेरून रंगवत होतो.

चिखल, रबरी चटई, फेसाची गादी, कापडी पट्टा यांच्या खाली आणखी एक गोष्ट घडते. तिथं प्राणवायू कमी पोचतो आणि बाजूच्या उघड्या पत्र्याला भरपूर मिळतो. या फरकानेच एक छोटी बॅटरी तयार होते आणि झीज होते ती प्राणवायू कमी असलेल्या, झाकलेल्या जागेची. म्हणून चटई उचलल्यावर तिच्या नेमक्या आकाराचा गंज दिसतो. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून मध्ये मध्ये टाके घालून वेल्डिंग केलं असेल तर तिथल्या फटीतही हेच चालतं. तिथं रंग पोचत नाही, पाणी मात्र पोचतं.

इलाज असे: भोकं मोकळी करा आणि प्रत्येक तपासणीत तार घालून बघण्याची सवय ठेवा. पोकळ भाग आतून पूर्ण वाळवा आणि लांब नळीच्या नोझलने आत मेणाचा थर द्या. टाक्यांच्या वेल्डिंगची फट सलग वेल्ड करून किंवा सीलंट भरून बंद करा, पण आधी धुवून आणि वाळवून. ओल्या फटीत सीलंट म्हणजे पाण्याला कोंडणं. नवीन भोक पाडायची गरज वाटली तर चिलखती पत्रा आणि भार घेणारी चौकट सोडून, आणि रचना जाणणाऱ्या अभियंत्याच्या परवानगीनेच.

धारेवरचा गंज हाही याचाच भाऊ. रंग सुकताना तीक्ष्ण धारेवरून मागे सरकतो आणि तिथं थर पातळ राहतो. धार २ मिलीमीटर त्रिज्येपर्यंत गोल करा, आणि पूर्ण रंग देण्याआधी धारा, वेल्डच्या रेघा आणि बोल्टची डोकी ब्रशने एकदा वेगळी रंगवून घ्या.

बोल्टभोवतीचं कडं: दोन धातूंची गाठ

१७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने एचएमएस अलार्म या लाकडी युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोनेक वर्षांनी तळ तपासला तेव्हा लोखंडी खिळे खंगून पत्रे ठिकठिकाणी सुटले होते. पण पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद काही ठिकाणी पत्रा आणि खिळा यांच्यामध्ये राहून गेला होता. तिथले खिळे शाबूत होते. आज आपण नायलॉनचा वॉशर घालतो तो याच कागदाचं काम करतो.

खारं पाणी मध्ये आलं की दोन वेगळ्या धातूंमध्ये प्रवाह वाहतो आणि जास्त सक्रिय धातू झिजतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात स्टेनलेस बोल्ट घातला तर बोल्ट चमकत राहतो आणि भोवतालचा पत्रा पांढरी पूड होत जातो. यात क्षेत्रफळाचा हिशेब मोठा आहे. झिजणारा धातू लहान आणि दुसरा मोठा असेल तर सगळी झीज त्या लहानावर एकवटते: स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्यात साधा स्टीलचा बोल्ट घातला तर तो बघता बघता जातो.

आणि इथंच रंगाचा उलटा परिणाम होतो. फक्त झिजणाऱ्या धातूला रंग दिला आणि स्टेनलेस उघडं ठेवलं, तर रंगाला पहिला ओरखडा पडताच सगळी झीज त्या ओरखड्यात घुसते आणि पत्र्याला आरपार भोक पडतं. रंग दोन्हींना द्या. एकालाच देता येत असेल तर न झिजणाऱ्याला द्या. ऐकायला विचित्र वाटतं, पण हिशेब तसाच आहे.

आधुनिक यंत्रणाही यातून सुटलेल्या नाहीत. अमेरिकी नौदलाच्या यूएसएस इंडिपेंडन्स या ॲल्युमिनियम जहाजात स्टीलच्या वॉटरजेटभोवतीची झीज २०११ मध्ये गाजली, आणि नंतर त्या वर्गातल्या जहाजांना कॅथोडिक संरक्षण (धातू झिजू नये म्हणून त्याच्याकडे प्रवाह वळवण्याची सोय) बसवण्यात आलं. अमेरिकेच्या एफ-२२ लढाऊ विमानात पत्र्यांमधल्या सांध्यांत भरलेला विद्युतवाहक लेप आणि ॲल्युमिनियमची कातडी यांचं पटलं नाही. म्हणून सुटा भाग बदलताना "याच मापाचा आहे" एवढं पुरत नाही. मूळ बोल्टवर कोणता मुलामा होता ते बघा. जस्ताच्या मुलाम्याचा बोल्ट गेला म्हणून "चांगला" स्टेनलेसचा घातला आणि पत्रा गमावला, हे मी इतक्यांदा पाहिलंय की प्रत्येक नव्या फिटरला पहिल्या दिवशी हेच सांगतो.

बसवायची पद्धत: भोक आणि पत्र्याचा संपर्कभाग साफ करून प्रायमर द्या, बोल्टच्या दांड्याला सीलंट लावा, तो ओला असतानाच बसवा, दोन्ही बाजूंना वीज न वाहणारा वॉशर आणि गरजेप्रमाणे भोकात बुश (दांड्याभोवतीची नळी) घाला. ॲल्युमिनियमवर ग्रॅफाइटचं ग्रीस वापरू नका आणि शिसपेन्सिलीने खुणाही करू नका. ग्रॅफाइट न झिजणाऱ्या धातूसारखंच वागतं.

अर्थिंगच्या पट्टीचं काय, हा प्रश्न हमखास येतो. तिथं धातूला धातू लागलाच पाहिजे, वॉशर घालून चालणार नाही. मग लागेल तेवढीच जागा उघडी करा, पट्टी घट्ट आवळा, आणि नंतर सगळ्या कडेने सीलंट फिरवा. प्रवाह जाऊ द्यायचा, पाणी जाऊ द्यायचं नाही.

जहाजं आणि तराफ्यांबाबत एक छोटी पण फसवी खूण सांगतो. जस्ताचा ॲनोड वर्षभराने काढला आणि जसाच्या तसा निघाला, तर ते वाईट लक्षण आहे. तो झिजण्यासाठीच असतो. झिजला नाही म्हणजे त्याच्यावर रंग बसलाय किंवा त्याचा सांगाड्याशी संपर्क तुटलाय. आणि त्याच्याऐवजी सांगाडा झिजतोय.

दमट पत्रा

हे थोडक्यात. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांखाली. हवा ३० अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २४ अंश येतो, म्हणजे पत्रा २७ च्या खाली असताना रंग नको. रात्रभर बाहेर उभं राहिलेलं जाड पोलाद सकाळी हवेपेक्षा बरंच थंड असतं. तापमान हवेचं मोजून काम सुरू करतात आणि तिथंच चुकतं. पत्र्याचं मोजा.

न वापरता ठेवलेलं साहित्य गंजतं तेव्हा

"वापरलंही नाही तरी गंजलं" ही तक्रार कंटेनरमधल्या आणि गोदामातल्या साठ्याची. दिवसा कंटेनर तापतो, लाकडी खोक्यांतला आणि पुठ्ठ्यातला ओलावा हवेत येतो, रात्री छत थंड झालं की तोच छताला घाम होऊन खाली पडतो. वर ताडपत्री टाकून हे थांबत नाही. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर धरणारी ओलावा-शोषक यंत्रणा असेल तर गंज जवळजवळ थांबतो. पण दार दिवसातून दहा वेळा उघडं राहत असेल तर यंत्राला दोष देऊ नका. यंत्रणा नसेल तर बंद पिशवी आणि सिलिका जेल, आणि जेलचा सूचक रंग तपासण्याचा ठरलेला दिवस. रंग बदललेलं जेल पिशवीत असणं म्हणजे नसणंच.

कच्च्या, ताज्या लाकडाची खोकी टाळा. ओकसारख्या लाकडातून ॲसिटिक आम्लाची वाफ निघते आणि ती जस्त, कॅडमियम, शिसं यांना खाते. गंजरोधक वाफ सोडणारा व्हीसीआय कागद वापरताना तो कोणत्या धातूसाठी आहे ते वाचा. लोखंडासाठीचे काही प्रकार जस्ताला आणि शिशाला अपाय करतात. सुटे भाग हातमोज्यांशिवाय गुंडाळले तर महिन्याभराने त्यांवर बोटांचे ठसे गंजात उमटलेले दिसतात.

पितळेचं दुखणं वेगळं. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश फौजांची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवली की तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि काडतूस घडवताना धातूत राहिलेला ताण यांचं ते काम होतं. आज तबेले नाहीत, पण अमोनिया असलेली सफाईची द्रावणं आहेत. ती पितळी काडतुसांपासून आणि फिटिंगपासून दूर ठेवा.

हे करू नका

स्प्रिंगा आणि उच्च ताकदीचे बोल्ट गंज काढायला आम्लात बुडवू नका. आम्लातून सुटणारा हायड्रोजन पोलादात शिरतो, भाग बाहेरून स्वच्छ दिसतो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी भाराखाली अचानक तुटतो. हा गंजापेक्षा मोठा धोका आहे, आणि तो दिसत नाही. ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेसवर साध्या पोलादाचा वायरब्रश चालवू नका. त्याचे कण रुततात आणि महिनाभरात तपकिरी डाग पडतात. इंधनाच्या टाकीतला तळाचा गंज दिसला की आधी तळाचं पाणी काढा. इंधन आणि पाणी जिथं भेटतात तिथं जंतू वाढतात, त्यांच्या शेवाळीखाली तळ कुरतडला जातो.

जमिनीखालचं आणि काँक्रीटमधलं

पुरलेल्या इंधनवाहिनीला कॅथोडिक संरक्षण आहे, त्याला प्रवाह पुरवणारा रेक्टिफायर चालू आहे, तरी गळती झाली. पहिला प्रश्न: विभव (वाहिनी आणि माती यांच्यातला व्होल्टेज) कसं मोजलं? तांबे–कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ८५० मिलिव्होल्ट हा नेहमीचा निकष आहे, पण प्रवाह चालू असताना घेतलेल्या वाचनात मातीतला व्होल्टेज-घट मिसळलेला असतो. प्रवाह क्षणभर तोडून लगेचचं वाचन घ्या. दुसरा प्रश्न: विद्युतरोधक सांध्यावरून कोणी नंतर अर्थिंगची पट्टी टाकलीय का? टाकली असेल तर वाहिनीसाठीचा प्रवाह सगळ्या तांब्याच्या अर्थिंग जाळीला पोसत बसतो. मीटर आकडा दाखवतं, वाहिनी उघडी पडते. आणि वाहिनी जमिनीत शिरते ती हातभर जागा नेहमी उकरून बघा. माती आणि हवा जिथं भेटतात, तिथलं वेष्टण सगळ्यात आधी फाटतं.

काँक्रीटच्या बंकरमध्ये किंवा धक्क्यात सळीचा गंज दुरुस्त केला आणि दोन वर्षांत डागडुजीच्या भोवती गोल नवा तडा आला, तर तीही याच गोष्टीची आवृत्ती. जुनी सळी झिजत होती तोपर्यंत शेजारच्या सळीला नकळत संरक्षण मिळत होतं. ती जागा स्वच्छ करून नवं काँक्रीट भरलं, आणि शेजारच्या क्लोराइडने भरलेल्या काँक्रीटमधल्या सळीची पाळी आली. फक्त तडकलेला भाग नव्हे, आसपासचं विभव मोजा. त्याच इलेक्ट्रोडच्या तुलनेत ते उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा खाली असेल तिथं गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. तिथपर्यंतचं काँक्रीट काढा किंवा डागडुजीच्या कडेने सळीला जस्ताचे ॲनोड बांधा.

नोंदवहीत काय लिहायचं

"गंज काढून रंग दिला" या नोंदीतून पुढच्या माणसाला काहीच मिळत नाही. अशी नोंद करा: "डावी मागची कमान, आतली कड. फुग्यात पाणी. निचऱ्याचं भोक रंगाने बंद होतं, उघडलं. ब्लास्टिंगनंतर क्षार ७२, धुवून पुन्हा ब्लास्ट, नंतर २४. पत्रा ३१ अंश, दवबिंदू २५. आतून मेण दिलं. तीन महिन्यांनी भोकात तार घालून बघणे." तीन महिन्यांनी तार कोरडी निघाली तर तपासणीचं अंतर वाढवा. ओली निघाली तर रंगाचा डबा उघडू नका, पाणी कुठून येतंय ते शोधा.